सीओपीडीत घोटे सुजणं, शुगर चढणं, छातीत धडधडणं: सगळं फुप्फुसावर ढकलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) जुनी. धाप वाढली म्हणून पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडच्या गोळ्या) झालं. आता शुगर चढलीय, घोटे सुजतात, छातीत धडधडतं. हृदयाच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल दिलं होतं; ते नाडी मंद करणाऱ्या ‘बीटा ब्लॉकर’ जातीचं औषध. ‘दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर चालत नाही’ असं वाचून तुम्ही ते बंद केलंत आणि घरचा ऑक्सिजन २ लिटरवरून ५ वर नेलात.

आधी ऑक्सिजन, कारण ते आजच निस्तरायचं आहे. जुन्या सीओपीडीत काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा धड खेळतच नाही तिकडेही रक्त वळतं, आणि हा साठा वाढतो. अशांच्या बाबतीत बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. ९७ दिसला की घरचे निश्चिंत होतात, पण कार्बन डायऑक्साइड त्या यंत्राला दिसतच नाही. त्यासाठी धमनीतलं रक्त घेऊन एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) करावी लागते. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बोलण्यात असंबद्धपणा, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. नसेल तर डॉक्टरांना फोन करून अर्धा-एक लिटरने उतरवत या, दर वेळी १५-२० मिनिटं आकडा बघत. नळी एकदम काढून टाकू नका, तेही धोक्याचंच. बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नाहीतर आकडा खोटा येतो.

आता मेटोप्रोलॉल. ते आणि बिसोप्रोलॉल ही मुख्यतः हृदयावर काम करणारी औषधं आहेत. हृदयासाठी गरज असेल तर सीओपीडीतही दिली जातात. श्वासनळ्या आवळण्याची भीती प्रोप्रॅनोलॉलसारख्यांची जास्त. काचबिंदूचे टिमोलॉल थेंबही त्याच जातीचे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सीओपीडीचं सांगायचं हमखास राहतं. मेटोप्रोलॉल अचानक तोडलं तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं. म्हणून ज्यांनी दिलं त्यांना आज कळवा. मनाने पुन्हा पूर्ण डोसवर जाऊ नका. उलट बाजूही सांगतो: हृदयासाठी गरज नसताना केवळ सीओपीडीचे झटके टळावेत म्हणून मेटोप्रोलॉल देऊन पाहिलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फायदा दिसला नाही.

सीओपीडी आणि हृदयविकार एकत्र आढळणं नवलाचं नाही. धूम्रपान आणि वय ही दोन्हींची सामायिक कारणं; शिवाय धापेचा मोठा झटका येऊन गेल्यावर काही आठवडे हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. सूज तपासायची तर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा. खळगा राहिला तर पाणी साठतंय. फुप्फुसातला दाब वाढून हृदयाची उजवी बाजू थकलेली असू शकते, डावी बाजू कमी पडत असू शकते, किंवा बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर नुसती त्या गोळीचीही सूज असते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन घ्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा आडवं पडल्यावर धाप लागून उशा वाढवाव्या लागल्या, तर तोंडाने ओढायचा पंप (इनहेलर) वाढवून उपयोग नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) करा. हवेने फुगलेल्या फुप्फुसामुळे सीओपीडीत इकोचं चित्र अनेकदा अस्पष्ट येतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘विंडो पुअर’ (म्हणजे चित्र नीट दिसलं नाही) असेल तर ‘नॉर्मल’ या शब्दावर फार विसंबू नका.

धडधडीसाठी आधी साल्ब्युटामॉलचा (धाप लागली की ओढायच्या पंपाचा) हिशेब मांडा. २०० डोसचा डबा किती दिवसांत संपतो? आठवड्यात संपत असेल तर दिवसाला जवळजवळ ३० पफ होतात, आणि तेवढ्याने नाडी धावणारच. शिवाय साल्ब्युटामॉल, स्टेरॉइड आणि सुजेवरची फ्युरोसेमाइड ही तिन्ही पोटॅशियम खाली आणतात. तिन्ही एकत्र आली की ठोके बिघडायला निमित्त मिळतं. ईसीजी आणि पोटॅशियम दोन्ही बघा. नाडी अनियमित लागत असेल तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके विस्कळीत होणं) आहे का ते ईसीजीतच कळेल.

शुगरचं गणित सोपं आहे. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की शुगर दुपारनंतर चढते आणि उपाशीपोटीची पुष्कळदा ठीक येते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. गोळ्या थांबल्यावर काही दिवसांत उतरायला हवी. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) वाढलेलं असेल तर मधुमेह आधीपासूनच होता, स्टेरॉइडने फक्त उघडा पाडला. या घबराटीत पंपातलं स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका. त्याचा शुगरवर परिणाम गोळ्यांच्या मानाने फार कमी असतो. प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायचं, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

वर्षात स्टेरॉइडचे अनेक कोर्स होत असतील तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन मागा. पाठीत अचानक कळ येऊन उंची कमी झाली तर मणका दबलेला असू शकतो, आणि त्याने श्वासाची उरलीसुरली जागाही आक्रसते. वजन आपोआप उतरत असेल तर ‘बरं झालं, शुगरला चांगलं’ म्हणू नका. सीओपीडीत स्नायू झडणं वाईट लक्षण, आणि सोबत थुंकीत रक्त असेल तर कॅन्सरसाठी सीटी लांबवू नये.

इप्राट्रोपियमची (श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाची) वाफ मास्कने घेत असतील तर मास्क नाकाच्या बाजूने ढिला नाही ना, हे बघा. वाफ डोळ्यांत गेली तर काचबिंदू बळावू शकतो. जमत असेल तर तोंडात धरायची नळी वापरा. प्रोस्टेट मोठी असेल तर याच औषधाने लघवी अडते.

झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलाम चालू असेल तर फुप्फुसाच्या डॉक्टरांना ते माहीत असू द्या, श्वास मंदावतो. थिओफिलिन (श्वासनळ्या मोकळ्या करणारी गोळी) घेत असतील तर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू होण्याआधी सांगा. दोन्हींमुळे रक्तातलं थिओफिलिन वाढतं. मळमळ, थरथर, धडधड सुरू होते. सिगारेट सोडल्यावरही तेच होतं, कारण धुरामुळे ते औषध शरीरातून लवकर निघून जात असतं. त्यामुळे सोडल्याच्या पहिल्या आठवड्यातच डोस तपासून घ्यायचा.