रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये पॉलिइथिलीनमध्ये नॅनोक्ले (अतिसूक्ष्म थरांची माती) नीट पसरत नाही, गुठळ्या राहतात. इन-सिटू पॉलिमरायझेशनने, म्हणजे क्लेच्या थरांतच इथिलीनपासून पॉलिइथिलीन बनवून, फरक पडेल का?

पडतो, आणि बराच. क्लेचा एकेक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा, पण थर एकमेकांना घट्ट धरून असतात. पॉलिइथिलीन अध्रुवीय, क्ले ध्रुवीय, त्यामुळे एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मळणाऱ्या यंत्रात) कितीही मळलं तरी ते थरांमध्ये सहजी शिरत नाही. इन-सिटूत क्रमच उलटा: आधी मॅग्नेशियम क्लोराइडसोबत टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा उत्प्रेरक क्लेवर बसवायचा, मग अ‍ॅल्युमिनियम अल्किल (उत्प्रेरकाला चालना देणारं संयुग) घालून इथिलीन सोडायचं. साखळ्या थरांच्या आतच वाढतात आणि त्यांना दूर लोटतात.

खरी मेख ओलाव्याची. टायटॅनियम टेट्राक्लोराइडला पाणी लागलं की पांढरा धूर निघतो, हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि उत्प्रेरक वाया जातो. क्ले तर पाणी धरूनच बसलेली असते. म्हणून ती आधी तापवून सुकवायची आणि पुढचं सगळं कोरड्या नायट्रोजनखाली करायचं. आपल्या पावसाळ्यात याला पर्याय नाही.

पण हे रिअ‍ॅक्टरवाल्यांचं काम आहे. दाबाखालचं इथिलीन कंपाउंडिंगच्या (प्लास्टिकमध्ये इतर घटक मिसळण्याच्या) गाळ्यात कृपा करून आणू नका. तुम्ही ऑरगॅनोक्ले (सेंद्रिय संयुग लावून पॉलिमरशी जुळेल अशी केलेली क्ले) घ्या, सोबत मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं (साखळीला जोडलेलं) पॉलिइथिलीन, जे क्लेशी जुळवून घेतं, आणि आधी मास्टरबॅच (भरपूर क्ले असलेलं मिश्रण) काढून मग पातळ करा. इन-सिटूइतकं नाही, पण गुठळ्या नक्की कमी होतील.