फाइली नव्या घरी नेताना

प्रश्न : उदगीरला माझं डीटीपीचं दुकान आहे. विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर सोडून सगळं काम नव्या लॅपटॉपवर न्यायचंय. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर जागा असूनही लग्नाचा साडेसहा जीबीचा व्हिडिओ जात नाही. ज्या पत्रिका गेल्या, त्या उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइली खराब झाल्या का?

उत्तर : फाइली शाबूत आहेत. तुमचा पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला दिसतो. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. त्यावरचं आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. मग राइट क्लिक करून फॉरमॅट घ्या आणि फाइल सिस्टिममध्ये एनटीएफएस निवडा.

पत्रिकांचं दुखणं फॉन्टचं आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षराचा कोड असतो आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. कृतिदेव या तशाच जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो तो असा. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ‘डी’ हा ‘डी’च दिसणार. वर मंगल हा युनिकोड फॉन्ट लावून बघण्यात वेळ घालवू नका, काही होत नाही. जुन्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे. त्यातले तुमचे मराठी टीटीएफ फॉन्ट (नावाच्या शेवटी .ttf असलेल्या फाइली) उचला, नव्या लॅपटॉपवर कॉपी करा आणि सगळे निवडून राइट क्लिकने इन्स्टॉल करा. पत्रिका पुन्हा उघडा. डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालणारं मराठी पॅकेज असेल तर ते असं उचलून नेता येत नाही. त्याची नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती आहे का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय जुनं मशीन भंगारात घालू नका.

आणि कट-पेस्ट नको, कॉपीच करा. मध्येच लाइट गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि कुठलं कुठे हे शोधत बसावं लागतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा आला तर घाबरू नका, तो येतोच. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइली विसरू नका. अनेकांचं निम्मं दुकान तिथंच पडलेलं असतं.

प्रश्न : परभणीहून विचारतो. डेस्कटॉप चालूच होत नाही, मदरबोर्ड गेला म्हणतात. आतले फोटो गेले का?

उत्तर : मदरबोर्ड गेला म्हणजे हार्ड डिस्क गेली असं नाही. डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलने (हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी केबल) दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह येणारी केबलच घ्या; यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात, त्यावर ती फिरत नाही. डिस्क दिसली की युजर्स फोल्डरात तुमच्या नावाचा फोल्डर शोधा. परवानगी नाही असा संदेश आला तर ‘कंटिन्यू’ दाबून थांबा, हजारो फाइली असल्या तर वेळ लागतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका. मग ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यावी लागेल.