स्लाउमध्ये घर घेण्याआधी पुण्यातल्या फ्लॅटचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

आपली कंपनी आपल्याला पुण्याहून इंग्लंडमधील लंडनजवळच्या स्लाउ येथे पाठवत आहे आणि भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आल्या आल्या चार लाख पौंडांच्या आसपासचे घर विकत घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे लँगलीत, म्हणजे स्लाउच्याच पूर्व भागात, राहतो. पहिले वर्षभर तरी घर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपला पुण्यातला फ्लॅट हे आहे.

इंग्लंडमध्ये पहिलेच घर घेणाऱ्याला स्टँप ड्युटीत सवलत मिळते आणि चार लाखांच्या घरावर त्याला ५,००० पौंड भरावे लागतात. मात्र ‘पहिले घर’ म्हणजे जगात कुठेही पहिले. वडिलोपार्जित घरातला वाटासुद्धा यात धरतात. ही सवलत गेली की कर १०,००० पौंड होतो. आपल्या किंवा पत्नीच्या नावावरील दुसऱ्या घराची किंमत ४०,००० पौंड, म्हणजे साधारण पंचेचाळीस-पन्नास लाख रुपये, किंवा त्याहून अधिक असेल, तर ५ टक्के अधिभार लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तो ३ टक्क्यांवरून वाढवण्यात आला. हे आणखी २०,००० पौंड झाले. शिवाय खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत आपण १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेला नसाल, तर आणखी २ टक्के, म्हणजे ८,००० पौंड. ज्या घरावर शेजारी ५,००० भरतो, त्यावर आपण ३८,००० भराल. वर्षभर भाड्याने राहिल्यास यातील शेवटची रक्कम तरी वाचते.

भाड्याच्या घरासाठी घरमालक किंवा एजंट वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या निदान तीसपट आहे का हे पाहतात. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. नव्याने आलेल्यांकडून पूर्वी सर्रास सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत. १ मे २०२६ पासूनच्या नव्या कायद्याने एका महिन्याहून अधिक मागण्यास बंदी आहे. त्यामुळे जामीनदार मागितला जाण्याची शक्यता मात्र वाढते. कंपनी जामीन राहील का, हे आताच विचारून ठेवावे.

बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ च्या मध्यापर्यंत ०.१ टक्का होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर गेला. त्यानंतर तो उतरला असला, तरी जुन्या स्वस्त कर्जाचे दिवस परतलेले नाहीत. उत्पन्नाच्या साधारण साडेचारपटीपर्यंतच कर्ज मिळते, म्हणून पगार ठीक असूनही येथील कुटुंबे घराऐवजी फ्लॅटकडे वळतात. स्लाउमध्ये जुन्या कार्यालयांचे केलेले फ्लॅट पुष्कळ आहेत आणि ते स्वस्त दिसतात. परंतु लीजची, म्हणजे फ्लॅटवरील मुदतबंद हक्काची, किती वर्षे उरली आहेत आणि सर्व्हिस चार्ज दरवर्षी किती वाढत गेला, हे पाहिल्याशिवाय त्यांचा विचार करू नये. एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गामुळे नोव्हेंबर २०२२ पासून गाडी न बदलता मध्य लंडनला जाता येते, त्यामुळे स्टेशनजवळच्या घरांना मागणी असते. काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्याकडच्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, हाही हिशेबात धरावा. येथील नगरपालिका २०२१ मध्ये आर्थिक संकटात सापडली आणि २०२३ मध्ये तिने तो ९.९९ टक्क्यांनी वाढवला.

पुढे येथे घर घेतलेच आणि तीन वर्षांच्या आत पुण्याचा फ्लॅट विकला, तर ५ टक्क्यांचा अधिभार परत मागता येतो. मात्र येथील खरेदीपूर्वीच्या तीन वर्षांत तो फ्लॅट आपले राहते घर असला पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी त्या पत्त्यावरची वीजबिले आणि सोसायटीच्या पावत्या सोबत घ्याव्यात.