पिकलने जतन केलेली फाईल पायथनची आवृत्ती बदलल्यावर उघडते का?

उघडते. पिकल म्हणजे पायथनमधील ऑब्जेक्ट फाईलमध्ये साठवणारे मॉड्यूल, आणि त्याचे जुने प्रोटोकॉल, म्हणजे लिहिण्याच्या पद्धती, नव्या पायथनला वाचता येतात. उलट दिशेने मात्र अडू शकते, कारण ३.८ मध्ये आलेला पाचवा प्रोटोकॉल ३.७ ला कळत नाही. परंतु आपण पायथनच्या आवृत्तीची काळजी करीत आहात, आणि मला ज्या बदलाने दोन रात्री जागवले तो आमच्याच कोडमधला होता.

एका लहान कंपनीत पाण्याच्या मीटरचे मासिक रीडिंग आम्ही ‘नोंद’ या क्लासचे, म्हणजे आम्ही लिहिलेल्या साच्याचे, ऑब्जेक्ट करून पिकलने थेट फाईलमध्ये लिहीत असू. चौदा महिन्यांच्या फाईली साठल्यावर मी तो क्लास अवाढव्य झालेल्या मॉड्यूलमधून, म्हणजे कोडच्या फाईलीतून, काढून वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवला. सर्व टेस्ट पास झाल्या, कारण त्या स्वतःच लिहिलेले ऑब्जेक्ट लगेच परत वाचत होत्या. महिनाअखेरीस जुनी फाईल लोड करताच ॲट्रिब्यूट एरर आला. पिकल क्लासचा कोड फाईलमध्ये ठेवतच नाही. तो केवळ मॉड्यूलचे आणि क्लासचे नाव लिहितो व वाचताना त्याच पत्त्यावर क्लास शोधतो. जुन्या मॉड्यूलमध्ये इम्पोर्टची एक ओळ घातल्यावर फाईली उघडल्या, पण बिले निघेनात. मी इनिटमध्ये, म्हणजे नवे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘एकक’ हा गुणधर्म नव्याने घातला होता, आणि लोड करताना इनिट सहसा चालत नाही, म्हणून जुन्या नोंदींना एककच नव्हते. सेटस्टेट, म्हणजे लोड करताना चालणारे फंक्शन, लिहून ते भरले, तेव्हा काम पुढे सरकले.

बैठकीत वरिष्ठांनी दोष माझ्यावर ठेवला: चालता कोड हलवायला नको होता. हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. कोड हलणारच, क्लासची जागा बदलली की वर्षभराची माहिती अडकून पडावी, अशी साठवण निवडणे हीच चूक होती. मी पहिल्याच आठवड्यात एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस सुचवले होते, जे पायथनसोबतच येते. ‘पिकलने दोन ओळींत होते’ म्हणून ते नाकारले गेले. आपली माहिती वर्षानुवर्षे टिकायची असेल, तर ती डेटाबेसच्या टेबलात किंवा जेसन या साध्या मजकूर स्वरूपात लिहा आणि रचनेचा आवृत्ती क्रमांक सोबत ठेवा.

तासाभराच्या कॅशसाठी, म्हणजे तात्पुरत्या साठ्यासाठी, किंवा एका प्रोसेसकडून दुसरीकडे ऑब्जेक्ट पाठवण्यासाठी पिकल उत्तमच आहे. मात्र परक्याने दिलेली पिकल फाईल कधीही लोड करू नका, कारण वाचता वाचताच ती आपल्या संगणकावर हवा तो कोड चालवू शकते.