रास्पबेरी पायवर कोडी मध्येच अडकतं, डिस्क गायब होते. पाय काढून अँड्रॉइड बॉक्स घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला घरी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर लिब्रेएलेक (फक्त कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवणारी सिस्टिम) टाकलंय, यूएसबी हार्ड डिस्कवर सिनेमे आणि घरच्या लग्नांचे जुने व्हिडिओ आहेत. चित्र मध्येच थांबतं, कधी डिस्कच दिसेनाशी होते, लग्नाच्या व्हिडिओत माणूस हलला की कडा कातरल्यासारख्या दिसतात. आणि घरचे म्हणतात, हे खेळणं काढा, बॉक्स आणा.

बॉक्स आणू नका. आधी चार्जर आणि तार बदला.

'खेळणं' हा शब्द मी माझ्या घरातही ऐकलाय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी अमळनेरचा. १९९४ ते २००९ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलं. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिंदखेडा, लग्नसराईत कुठे कुठे जायचो. खांद्यावर पॅनासॉनिकचा व्हीएचएस कॅमेरा, मागे लाइट धरणारा एक पोरगा. त्या काळचा रिवाज असा की शूटिंगची कॅसेट 'रॉ', तिच्यावरून मिक्सिंग करायचं, म्हणजे फुलांतून नवरा-नवरी निघतात ते इफेक्ट आणि पूर्ण लांबीभर सिनेमाची गाणी. गिऱ्हाइकाला मिक्स केलेली कॅसेट जायची. रॉ कॅसेट दुकानात पडून राहायची, महिना-दोन महिन्यांनी तिच्यावरच पुढचं लग्न.

१९९६ च्या मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न मीच शूट केलं. हळदीच्या रात्री आमची माय गायला बसली होती. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी शेकड्यानं पाठ. सव्वा तास मी कॅमेरा हलवला नाही. आणि नंतर मिक्सिंगला बसल्यावर त्या सव्वा तासातली बारा मिनिटं ठेवली आणि त्यांच्यावर सिनेमातलं गाणं टाकलं. मायचे ओठ हलतात, आवाज दुसऱ्याच बाईचा. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं होतं. माय २००३ मध्ये गेली.

ही रॉ कॅसेट मी पुसली नव्हती, एवढंच काय ते चांगलं केलं. २००९ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा धाकट्या भावानं व्हीसीआर, टेपा, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं होतं. म्हणाला, "दादा, मिक्स करेल सीडी शे ना घरमां. कोन देखस आते हाई?" मी गोणी खाली उतरवून घेतली. त्यावरून आमचं जे वाजलं ते आजपर्यंत पूर्ण मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं असं की चांगली प्रत असताना कच्चा माल कशाला सांभाळायचा. माझं म्हणणं असं की तो ज्याला चांगली प्रत म्हणतो तिच्यात आईचा आवाजच नाही.

कॅसेट मी २०१७ मध्ये कॅप्चर केली. डीव्ही फॉरमॅट, ताशी सुमारे १३ जीबी. पाय ४ आला २०१९ मध्ये. मी तो घेतला, कोडी टाकलं, दोन टीबीची पोर्टेबल डिस्क लावली. एकट्यानं पाहताना सगळं ठीक चालायचं.

२०२२ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई माहेरी आलेली, तिच्या दोन्ही मुली, भाऊ पुण्याहून सहकुटुंब. सकाळी पितरांची घागर भरली, सांजोऱ्या झाल्या. संध्याकाळी मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि ती रॉ फाइल लावली. मायनं पहिली ओळ म्हटली, ताईनं पदर तोंडाला लावला, आणि चित्र थांबलं. पुन्हा लावलं, चार मिनिटं चाललं, स्क्रीन काळी. मग कोडी सांगायला लागलं की फाइलच सापडत नाही. तीन वेळा पाय बंद-चालू केला. घरात वीस माणसं गप्प.

भाऊ उठला. म्हणाला, खेळणं आहे ते, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावतो. रॉ फाइल पेन ड्राइव्हवर जाईना, कारण तो फॅट३२ होता आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. मग त्यानं लॅपटॉपमधली जुनी व्हीसीडीची फाइल टाकली. टीव्हीनं ती लगेच लावली. ३५२ बाय २८८ चं चित्र ५५ इंचावर, ४:३ चं ओढून १६:९ केलेलं, मायचा चेहरा आडवा पसरलेला, वर सिनेमाचं गाणं. ताई दोन मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, "हाई माय नही शे, भाऊ." उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायचं झाकण काढून बसलो. बिघाड सापडायला वीस मिनिटं लागली, आणि तो तुमच्याकडेही तोच असणार.

पायवर एक लाल दिवा असतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो. तुम्ही डिस्क लावून मोठी फाइल चालू करा आणि चित्राकडे न पाहता त्या दिव्याकडे पाहा. माझा लुकलुकत होता. एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायच्या आत जाऊन, सिस्टिमच्या नोंदी (कर्नलचा लॉग) पाहिल्या तर 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड', म्हणजे व्होल्टेज कमी पडलंय, अशा ओळीच्या ओळी. जुन्या आवृत्तीत स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह यायचं, नव्यात येईलच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मी लावला होता जुन्या मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर आणि दुकानदारानं 'फास्ट चार्जिंगची आहे' म्हणून दिलेली हातभर लांब बारीक तार. हिशोब करा: तारेचा रोध पाव ओहम धरला तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट तारेतच जातो, ५ चे ४.५ उरतात. त्यात डिस्क. चारही यूएसबी पोर्टना मिळून पाय १.२ अँपिअर देऊ शकतो आणि पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना एकटीच त्यातला मोठा वाटा ओढते. व्होल्टेज पडलं की पाय आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे चित्र अडखळतं. मग डिस्क सुटते, म्हणजे फाइल 'सापडत नाही'. तुमची दोन्ही लक्षणं यात आली. एकटा असताना मी दहा-दहा मिनिटं पाहायचो म्हणून मला कधी कळलं नाही.

मोबाइलच्या चार्जरवर ३३ वॉट लिहिलंय म्हणून फसू नका. ते वॉट वरच्या व्होल्टेजला मिळतात. बारीक अक्षरांत ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. सरळ पायचा अधिकृत अडॅप्टर घ्या, त्याची तार जोडलेलीच येते. आणि डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. गावात व्होल्टेज कमी असतं म्हणून पाय बंद पडतो असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. ते चूक आहे. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. मोटारी चालू झाल्या आणि घरातला बल्ब मंद झाला तरी पायला फरक पडत नाही. लाइट जाते त्यानं मात्र पडतो, ते पुढे सांगतो.

आता कातरलेल्या कडा. इथे मला अधिकारानं बोलू द्या, पंधरा वर्षं हेच केलंय. आपल्याकडचं जुनं बहुतेक सगळं शूटिंग पाल या टीव्ही पद्धतीत आहे: सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत घेतलेली. आधी विषम ओळी, मग सम ओळी, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुना डबा टीव्ही ती तशीच दाखवायचा. आजचा टीव्ही दोन्ही अर्धी एकदम दाखवतो आणि हात हलला की मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो सरकलेला असतो, म्हणून कंगव्याचे दाते दिसतात. व्हिडिओ खराब नाही. चालू असताना कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस (हे दाते घालवणारी सोय) 'ऑटो'वर ठेवा, व्ह्यू मोड 'नॉर्मल' ठेवा म्हणजे ४:३ ४:३ च राहील, आणि खाली 'सगळ्या मीडियासाठी डिफॉल्ट' करून टाका. प्लेअरच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट चित्राप्रमाणे बदलू द्या, म्हणजे टीव्ही ५० हर्ट्झवर जाईल. ६० वर २५ फ्रेमचं चित्र चालताना हिसके बसतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्या. पट्टे घालवायला घरच्या माणसांचे चेहरे ओढू नका.

फाइलींची मराठी नावं चौकोन-चौकोन दिसत असतील तर स्किनच्या, म्हणजे कोडीच्या दिसण्याच्या, सेटिंगमध्ये फाँट 'एरियल बेस्ड' करा. घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला सिनेमाची माहिती शोधायला लावू नका, तुमच्या काकांच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवून ठेवतं. फोल्डरचं नाव साल आणि प्रसंग, बस.

आणि कृपा करून ते व्हिडिओ कुठल्या अॅपमधून 'एचडी' करून घेऊ नका. पुतण्यांना हा फार सोस असतो. जे कॅप्चर झालंय ते तसंच ठेवा, दोन डिस्कवर, दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. फोनवर पाहायला वेगळी लहान प्रत काढा, पण मूळ पुसू नका. माझा भाऊ अजून म्हणतो की क्लाउडवर टाकलं असतं तर त्या रात्री काही झालं नसतं. त्यानं क्लाउडवर टाकलं असतं ते व्हीसीडीचं, कारण त्याच्याकडे तेच होतं.

लाइटचं. लिब्रेएलेकची सिस्टिम स्वतः फक्त वाचण्यापुरती असते, ती सहसा बिघडत नाही, पण तुमची लायब्ररी आणि सेटिंग ज्या भागात लिहिली जातात तो भाग अचानक लाइट गेली की खराब होऊ शकतो. घरी इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा; साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणातच पाय रीस्टार्ट होतो. सेटिंगमधून महिन्याला एक बॅकअप घ्या. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, त्यामुळे लाइट आली पण नेट आलं नाही तर तारीख चुकीची राहते आणि सगळी अॅड-ऑन सुरक्षेचा एरर देतात. राउटर चालू होईपर्यंत थांबा, उगाच पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

मे महिना आपल्याकडचा तुम्हाला सांगायला नको. ८० अंशांना पाय वेग कमी करायला लागतो, आणि पत्र्याच्या खोलीत टीव्हीमागे प्लास्टिकच्या बंद डबीत तो तिथे लवकर पोहोचतो. अॅल्युमिनियमची केस घ्या, पंखा नको, धुळीनं भरतो. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात, तर त्याचा त्रास वायफायला होतो. लॅनची तार ओढा.

हे सांगायचं राहिलं: घरच्यांना ओटीटीवरच्या मालिका आणि सिनेमे पाहायचे असतील तर पाय त्या कामाचा नाही. त्या अॅपना प्रमाणित डिव्हाइस लागतं, पायवर चाललं तरी चित्र कमी दर्जाचं. त्यासाठी प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही स्टिक वेगळी घ्या आणि दुसऱ्या एचडीएमआयला लावा. म्हणजे तुमचे घरचे अर्धे बरोबर आहेत. पण पाय काढून नव्हे. आणि चार्जर बदलूनही डिस्क सुटत राहिली तर दोष डिस्कला यूएसबीशी जोडणाऱ्या यूएसबी-साटा अडॅप्टरचा असू शकतो, अशा काही अडॅप्टरचं पाय ४ शी जमत नाही. डिस्क काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टात लावून पाहा, तिथे टिकली तर हा साटा अडॅप्टर बदला.

ताई मला दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली होती, राहू दे आता. तिसऱ्या दिवशी पायचा नवा चार्जर आला. ती सासरी जायच्या आधी आम्ही दोघंच बसलो आणि सव्वा तास पाहिलं, एकदाही न थांबता. मायला एका गाण्याची ओळ आठवत नाही, ती मागे वळून कुणाला तरी विचारते, आणि उत्तर देणारा आवाज ताईचा आहे. हे ताईलाही आठवत नव्हतं. मिक्सिंगमध्ये तो तुकडा मी कापला होता.

तुमच्या चार्जरवर आउटपुट काय लिहिलंय ते इथे कळवा. आणि घरच्या लग्नांचं शूटिंग ज्यानं केलं होतं त्याला आजच फोन करून विचारा, रॉ कॅसेट शिल्लक आहे का. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्येच थांबली. चालू मशीन आता शोधावं लागतं. आम्ही शूटिंगवाले दुकान बंद करताना कुणाला कळवत नाही.