शिक्षा नाही म्हणतात, मग कलंक कशाला?

गुहागर तालुक्यातल्या एका मंडळ अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. 1994 साली तलाठी म्हणून लागले, 2014 साली बढती मिळाली. यंदा पंचावन्न पूर्ण झाली आणि एका शुक्रवारी संध्याकाळी दप्तर आवरत असताना हातात सक्तीच्या सेवानिवृत्तीचा आदेश पडला, नोटिशीऐवजी तीन महिन्यांचा पगार. आधार दोन : 2003 आणि 2004 च्या गोपनीय अहवालांतले ‘कामात दिरंगाई’ असे शेरे, आणि जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरातल्या पंचनाम्यांबद्दल आलेल्या निनावी तक्रारी. ते विचारतात, ‘मला न विचारता घरी पाठवता येतं का? आणि पेन्शनचे कागद भरले तर भांडायचा हक्क जाईल का?’

कटू उत्तर आधी. हो, न विचारता पाठवता येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 10(4) खाली लोकहितासाठी हा अधिकार शासनाला आहे. तुमच्या वर्गाला तो पंचावन्नाव्या वर्षानंतर लागू होतो. ही शिक्षा नव्हे, म्हणून बाजू मांडायची संधी द्यावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बैकुंठनाथ दास प्रकरणात 1992 साली सांगितलं. ‘मला कारणे दाखवा नोटीस दिली नाही’ एवढ्यावर अर्ज उभा करू नका. मी असे अर्ज पडलेले पाहिलेत.

तुमची खरी जागा वेगळी आहे. त्याच निकालात म्हटलंय की सगळी सेवा पाहावी, पण नंतरच्या वर्षांना जास्त वजन द्यावं, आणि शेरे असूनही बढती मिळाली तर त्या शेऱ्यांची धार जाते. निवडीने मिळालेली बढती असेल तर जास्तच. तुमची बढती ज्येष्ठतेनेच झाली असेल तर हा मुद्दा थोडा लंगडतो. पण शेरा दिरंगाईचा आहे, सचोटीचा नाही, हे तुमचं नशीब. सचोटीवरचा एकच शेरा पुरे पडल्याची उदाहरणं आहेत.

आता तुम्ही पाठवलेल्या आदेशाच्या झेरॉक्समधला दुसरा परिच्छेद वाचा : ‘सचोटीबाबत तक्रारी प्राप्त असल्याने’. हे कलंक लावणारं वाक्य ज्याने लिहिलं त्याने तुमचं अर्धं काम केलंय. गैरव्यवहाराचा संशय होता तर 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली दोषारोप ठेवून चौकशी करायची होती. चौकशी टाळायची पळवाट म्हणून सक्तीची निवृत्ती वापरता येत नाही, हे 2001 च्या उमेदभाई पटेल निकालात स्पष्ट आहे.

माहिती अधिकारात तुमचं प्रकरण तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीचं इतिवृत्त आणि गेल्या दहा वर्षांचे स्वतःचे अहवाल आजच मागा. शासनाकडे अभिवेदन, म्हणजे आदेशाचा फेरविचार करा अशी लेखी विनंती, द्या. पण त्याच्या उत्तराची वाट बघत सहा महिने काढू नका. ही पायरी ‘सामान्यतः’ आधी चढावी, असं कायद्यात आहे. तातडी दाखवून मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, मुंबई पीठापुढे स्थगिती मागता येते. अठ्ठावन्नाला निवृत्ती, म्हणजे पणाला तीनच वर्षं आहेत. खटला तेवढा रेंगाळला तर जिंकूनही खुर्ची नाही, फक्त पैसे.

कुंभार्ली घाट चढून थेट उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाता येणार नाही, ती मॅटनंतरची पायरी. (जिल्हा परिषदेच्या ग्रामसेवकांनी मात्र हा रस्ता धरू नये, मॅटचा अधिकार त्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांना उच्च न्यायालयच.)

पेन्शनचे कागद भरा. वर ‘माझा हक्क अबाधित ठेवून’ असं लिहा, पोच घ्या. घर चालायला हवं, पावसाळ्याआधी आगोटीचं सामान भरायचंय.

आणि एक. आदेश घेताना सही केलीत, तारीख घातली नाहीत. मॅटची एक वर्षाची मुदत मोजताना यावरूनच वाद होतो. सोमवारी जाऊन पोचवहीच्या त्या पानाची प्रमाणित प्रत मागा.