मनूस, नऊवारीवरून झालेल्या हशाबद्दल

प्रिय मनू,

पुण्याहून परत येताना विमानात तू विचारलंस, "बाबा, तुम्ही सगळे माझं मराठी ऐकता की तपासता?" आणि लगेच कानात हेडफोन घातलेस. उत्तराची तुला फारशी अपेक्षा नसावी. मला मात्र ते श्टुटगार्टला पोचेपर्यंत टोचत राहिलं, आणि तोंडी बोलायला लागलो की माझं भाषण होतं हे तुला माहीत आहे, म्हणून लिहितोय.

कशावरून विचारलंस तेही कळलं. आत्याकडे ताईची मंगळागौर होती. तू आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणालीस, "आजी, बघ, मी नऊवारी घातली!" आणि अख्खा दिवाणखाना हसला. आत्या, मामी, शेजारच्या काकू, सगळ्या एका सुरात, "घातली नाही गं, नेसली!" तूही हसलीस, पण नंतर फुगडीला उठली नाहीस. ते मी पाहिलं होतं.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. तुझी ती नऊवारी तुळशीबागेतून आणलेली, शिवलेली. कमरेला नाडी, निऱ्या आधीच टाचलेल्या, आणि पायजम्यासारखे दोन पाय घालून वर ओढायची. आता बघ, फेटा डोक्यावर गुंडाळत बसावा लागतो, म्हणून तो बांधतात. पुणेरी पगडी (जिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं काका अजून सांगतो, जणू ते त्यालाच मिळालं) आधीच घडवून ठेवलेली असते, म्हणून ती घालतात. हाच न्याय लावला तर शिवलेली नऊवारी घालायचीच असते. व्याकरणात तू जिंकलीस. आत्याला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "असेल, पण कानाला बरं वाटत नाही." आता या कानाचं काय करायचं?

तो कान कुठून आला ते सांगतो. तुझी पणजी, म्हणजे माझी आजी, जिचा फोटो आत्याच्या देवघराबाहेर आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दार लावून कपडे करण्याइतकी जागा नव्हती. आजी पहाटे आंघोळ करून यायची आणि कपाटाच्या उघड्या दाराआड लुगडं नेसायची. मी अंथरुणात अर्धवट जागा. सुती लुगडं झटकल्याचा फटकारा ऐकू यायचा, मग पदराचं टोक दातात धरून ती निऱ्या घ्यायला लागायची. अंगठ्याने एकेक निरी मागे सारत, न बघता. दात न उघडताच घरातल्यांना हुकूम सुटायचे, "दूध बघा", "त्याला उठवा", आणि सगळ्यांना ते बरोबर कळायचे. मग निऱ्या खोचून, पायांमधून मागे घेऊन कासोटा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि कमरेची एक गाठ सोडली तर त्याला धरून ठेवायला काही नाही. पिन नाही, नाडी नाही. याच लुगड्यात ती मंडईत जायची, जिने चढायची, माळ्यावरचे डबे काढायची. सुटे पैसे कनवटीला, निवडायची भाजी ओच्यात. मला वाटायचं, हिला पिशवीची गरजच नाही.

तर ही आजी आणि तिचा कान. आजोबांनी सोवळं नेसायचं, सदरा घालायचा आणि उपरणं घ्यायचं. शाल पांघरायची. गजरा माळायचा. बांगड्या भरायच्या, आणि एखादी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आईबरोबर मी कासाराकडे जायचो. तो आईचा पंजा दाबून अंगठ्याखालचं मांस चेपत चेपत काचेची बांगडी वर सरकवायचा आणि म्हणायचा, "हात सैल सोडा, वहिनी." आई श्वास रोखून. हे बघितल्यावर 'भरणं' हाच शब्द का, असं मला कधी विचारावं लागलं नाही. आम्हाला हे कुणी बसवून शिकवलं नाही. बघितलं, तोंडात चुकीचं आलं, डोक्यात टप्पल बसली, पुढच्या वेळी बरोबर आलं. तुला यातलं बघायला काहीच मिळालं नाही. नुसती टप्पल तेवढी मिळाली. हा हिशेब बरोबर नाही, हे मला मान्य आहे.

दिवाळीचे कपडे तर अजून नाकात आहेत, कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास. लक्ष्मी रस्त्यावर पांढऱ्या गादीवर आजोबा मांडी घालून बसणार, दुकानदार ताग्यामागून तागे उलगडणार, आणि शेवटी जे स्वस्त आणि मळखाऊ असेल ते घेतलं जाणार. एकाच ताग्यातून काका, आत्या आणि मी. आत्याचा फ्रॉक आणि आमचे शर्ट एकाच चौकडीचे, त्यामुळे फोटोत आम्ही तिघं बँडपथकातले दिसतो. शिंप्याला आजीची एकच सूचना असायची, "वाढत्या अंगाचं शिवा." म्हणजे बाही दोन बोटं लांब, चड्डीला आत भरपूर दुमड. मी वाढत राहिलो आणि चड्डी उसवत राहिली. तुला आम्ही मापाचे कपडे घेतो, ते बरंच आहे. पण नवीन जॅकेट घेताना "एक नंबर मोठं घेऊ या" असं मी म्हणतो ना, आणि तू डोळे फिरवतेस, ते हे आहे.

आता दुसरी बाजू. शाळेत आमच्या वर्गात बाहेरगावाहून एक मुलगा आला होता. ऊन होतं म्हणून तो म्हणाला, "टोपी लावून येतो." टोपी लावणं म्हणजे फसवणं, हे आम्हाला पक्कं माहीत. वर्ग फुटला हसून. पुढे वर्षभर तो वर्गात आपणहून फारसं बोलला नाही. पेठांमधलं आमचं शुद्ध बोलणं बऱ्याचदा दुसऱ्याला जागा दाखवायच्या कामी यायचं. तुला त्या दिवशी तेच वाटलं का? तुझ्या आत्याच्या मनात तसं काही नव्हतं, ते मी तिच्या वतीने सांगू शकतो. पण हसणाऱ्याच्या मनात काय होतं त्याने ऐकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, हेही खरं.

आणि सगळेच शब्द जपण्यासारखे नसतात. 'आलवण' हा शब्द मी तुला कधी शिकवला नाही. आजीची एक आत्या लहानपणीच विधवा झालेली. केशवपन केलेलं, आणि उरलेला जन्म एकाच तांबड्या लुगड्यात, काठ नाही, नक्षी नाही. त्या लुगड्याला आलवण म्हणत. ज्या पुण्यात महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्याच पुण्यातली ही गोष्ट. आजी आपल्या आत्याबद्दल फार बोलायची नाही. एवढंच म्हणायची, की तिला जांभळा रंग आवडायचा. हा शब्द वापरातून गेला तेव्हा कुणी हळहळलं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये घुसलं. आजीचं बिऱ्हाड तेव्हा नदीजवळ होतं. ते सदाशिव पेठेत राहायला आले ते त्यानंतर. तुझे आजोबा तेव्हा शाळेत जायच्या वयाचे. "नेसत्या लुगड्यानिशी निघालो," हे आजीचं वाक्य ठरलेलं. ट्रंक, भांडी, लग्नातला शालू, सगळं चिखलात गेलं. उंचावरच्या एका शाळेत माणसं जमली होती, तिथे कॅम्पातून मदतीला आलेल्या एका पारशी बाईने आजीच्या हातात कोरडं पाचवारी पातळ दिलं आणि म्हणाली, "बाई, हे घालून घ्या."

आजीने जन्मात पाचवारी नेसलेलं नव्हतं. गोल नेसायचं म्हणजे कासोटा नाही, पाय मोकळे. तिला चालताच येईना. शेवटी एका अनोळखी मुलीने तिला ते नेसवलं, भिंतीकडे तोंड करून उभं करून. घर मांडल्यावर आजी परत नऊवारीवर आली, ती अखेरपर्यंत. पण गोष्ट सांगताना ती त्या बाईचं वाक्य दर वेळी जसंच्या तसं म्हणायची, "हे घालून घ्या." मी तेव्हा नुकताच शहाणा झालेलो. म्हटलं, "आजी, नेसून घ्या म्हणायला हवं होतं तिने." आजी म्हणाली, "गप रे. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं."

पोस्टमनच्याही बोलण्यातल्या चुका काढणारी बाई ही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की आम्ही दोन्ही करतो, आणि तपासायची खोड माझ्या हयातीत पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. तू 'घातली' म्हणालीस तर मी गप्प बसायचा प्रयत्न करीन. मान हलेल कदाचित. तुला कधी खरी नऊवारी नेसून बघायची असेल तर आत्याकडे आजीचं एक इरकली लुगडं आहे. नसेल बघायची तर ते कपाटात बरं आहे, त्याला घाई नाही.

बाकी, आत्या मे महिन्यात आपल्याकडे येते आहे. सात अंश म्हणजे किती थंडी, आत काय घालायचं, वर काय, हे तिला मी तीनदा सांगितलं, पण तिचा माझ्यावर विश्वास नाही. रविवारी ती तुला फोन करणार आहे. फोनवर जर्मनही शिकते आहे सध्या आणि 'डांके'ला 'डंका' म्हणते. तपास तिला, अगदी मोकळेपणाने.

तुझा,
बाबा